उष्णतेचा ताळेबंद आधी मागावा

ज्येष्ठातल्या दुपारी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात पारा पंचेचाळीस अंशांवर चढलेला असताना, संगणकावर वायुप्रवाहाचे प्रतिरूप सिद्ध करणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास नळीच्या निर्गमद्वाराशी एकाएकी 27 अंश उमटलेले दिसले, तर तापमानास कमाल-किमान मर्यादेचा लगाम घालून मोकळे होण्याचा मोह त्यास पडतो. हा शिरस्ता मोडून काढला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तापमान अकल्पितपणे बदलले म्हणजे गणित चुकलेच, असे नव्हे. जूल आणि थॉमसन यांनी 1852 मध्ये आरंभिलेल्या प्रयोगांनी दाखविले की, बाहेरून उष्णतेची देवघेव न होता वायू अडथळ्यातून कमी दाबाकडे सोडला, तर बहुतेक वास्तव वायू सामान्य तापमानास थंडावतात. गुना जिल्ह्यातील विजयपुरावरून हाजिरा ते जगदीशपूर या वाहिनीने जो नैसर्गिक वायू जातो, तशा वायूचा दाब पन्नास बारने उतरविला असता तापमान वीस-पंचवीस अंशांनी घसरते, आणि म्हणूनच अशा ठिकाणी तो आधी तापविण्याची तजवीज ठेवावी लागते. आदर्श वायूचे समीकरण पत्करणाऱ्या प्रतिरूपात ही घसरण दिसणारच नाही; तेथे तापमान न बदलणे हाच दोष होय. अरुंद गळ्यातून सेकंदाला 200 मीटर वेगाने धावणारी हवाही सुमारे 20 अंशांनी निवते, कारण तेवढी ऊर्जा गतीकडे वळलेली असते.

ते 27 अंश मात्र निसर्गाचे नव्हेत. काही प्रचलित प्रणालींत कोणी न भरलेल्या रकान्यात 300 केल्व्हिन, म्हणजे सुमारे 27 अंश, आपोआप बसतात. निर्गमाशी भोवरा उठून प्रवाह उलटा आत शिरला, की तो हेच परके तापमान घेऊन येतो. निरपेक्ष दाबाच्या जागी मापकावरील दाब भरणे, जाळी विरळ राखणे, कालाचा टप्पा अवाजवी मोठा घेणे, हीही नित्याचीच कारणे. मर्यादेच्या लगामाने यांतील एकही दूर होत नाही. उलट नाहीशी झालेली किंवा नव्याने उपजलेली ऊर्जा कोठेच जमेस धरली जात नाही, घनता बिघडते, आणि तिच्यापाठोपाठ वेगही.

प्रवेशद्वाराने किती ऊर्जा आली, भिंतींतून किती गेली, निर्गमातून किती बाहेर पडली आणि किती उलट आली, याचा मेळ प्रथम घालावा. तो बसेना तर जाळी दाट करून पुन्हा पाहावे. परीक्षकांनी रंगीत चित्रांआधी हा ताळेबंद मागावा, आणि मर्यादा कोठे व का घातली याची नोंद नसलेला अहवाल दाखल करून घेऊ नये.