डेमो गाडी आणि अकरा टक्के

२०२५ ची दिवाळी उरकली आणि बाबांनी जाहीर केलं की आता त्यांना गाडी पाहिजे. बाबा म्हणजे निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक, मुक्काम कळमनुरी. आजवर सगळा प्रवास एसटी, जीप आणि दुसऱ्याच्या गाडीत 'मागं बसतो की' म्हणून. आता आईचे गुडघे दुखतात, दवाखान्यासाठी नांदेडला जावं लागतं आणि वारंगा फाट्यावर बसची वाट बघत उभं राहणं काही तिला जमत नाही. त्यामुळे गाडी घ्यायची हे ठरलं. नवी की जुनी एवढाच प्रश्न होता.

मी सुट्टी टाकून गेलो होतोच. घरापासून दीड-दोन तासांवरच्या एका शोरूममध्ये गेलो. (नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या शोरूमचा नाही.) तिथला मुलगा चुणचुणीत होता. आमचं बजेट ऐकलं आणि हळूच म्हणाला, "सर, एक डेमो कार आहे. नऊ हजार किलोमीटर. एकदम नव्यासारखी."

डेमो कार म्हणजे आपण टेस्ट ड्राईव्ह मागतो तेव्हा जी समोर आणून उभी करतात ती. वर्ष-दीड वर्षाने डीलर ती विकून टाकतो. आयडिया वाईट नाही. सर्व्हिसिंग शोरूममध्येच झालेलं असतं आणि किंमत बरीच कमी असते. त्या मुलाने कोटेशन छापून दिलं:

मूळ किंमत ८,००,०००. डेमो डिस्काउंट १,४०,०००. गाडीची किंमत ६,६०,०००. रोड टॅक्स ८८,०००. मग इन्शुरन्स वगैरे.

मी मनातल्या मनात आठ लाखांचे अकरा टक्के केले. ८८ हजार. बरोबर आहे! महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर ११ टक्के लाईफटाईम टॅक्स लागतो. दहा ते वीस लाखांना १२ आणि त्यावर १३. हिशोब चोख दिसला म्हणून मी पेन काढलं. खोटं कशाला सांगू, मी सही करणारच होतो. अकरा टक्के बरोबर आले एवढ्यावरच माझं समाधान झालं होतं.

बाबांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि त्या मुलाला विचारलं, "ह्या गाडीला नंबर आहे का, बाळा?"

"आहे ना सर."

"मग टॅक्स भरल्याशिवाय नंबर कसा मिळाला?"

मंडळी, मी बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. इतका सोपा बग मला दिसला नव्हता.

मी लगेच मोबाईलवर एमपरिवहन उघडून नंबर टाकला. नोंदणीची तारीख ऑगस्ट २०२४. टॅक्सच्या रकान्यात 'एलटीटी', म्हणजे लाईफटाईम टॅक्स भरलेला. मग आमच्याकडून कुठला टॅक्स घेत होते?

आता जरा नियम बघू. कारण डेमो गाड्या दोन प्रकारच्या असतात आणि सगळा घोळ या दोन प्रकारांच्या सरमिसळीतून होतो.

पहिला प्रकार: कधीच रजिस्टर न झालेली गाडी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ३९ म्हणतं की नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर चालवायची नाही. पण त्याच कलमात डीलरच्या ताब्यातल्या गाड्यांना अपवाद आहे. त्यासाठी डीलर ट्रेड सर्टिफिकेट घेतो. लाल पाटी, पांढरी अक्षरं, ती ही गाडी. अशी गाडी तुम्ही घेतली तर तिची पहिली नोंदणी तुमच्याच नावावर होते. फॉर्म २० भरायचा, सोबत डीलरचं फॉर्म २१ म्हणजे सेल सर्टिफिकेट. आरसीवर पहिले मालक तुम्ही. नोंदणीची १५ वर्षं तुमच्या तारखेपासून मोजायची. आणि टॅक्स? तो पूर्ण तुम्हीच भरायचा. इथे ११ टक्के मागितले तर कुरकुर करू नका. फक्त गाडी कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी बनली ते बघून घ्या, कारण नोंदणीची तारीख नवीन असली तरी गाडी तितकी नवीन नसते.

दुसरा प्रकार: डीलरने स्वतःच्या कंपनीच्या नावावर रजिस्टर केलेली गाडी. आमची हीच होती. हिला पांढरी पाटी आणि नेहमीचा नंबर असतो. टॅक्स पहिल्या नोंदणीच्या वेळीच भरला गेलेला असतो. आणि कंपनीच्या नावावरच्या गाडीला महाराष्ट्रात ११ नाही तर तब्बल २० टक्के लागतात. ही गाडी तुम्ही घेता तेव्हा नोंदणी नव्याने होत नाही, नुसती मालकी बदलते. फॉर्म २९ आणि ३०, बस्स. तुम्ही दुसरे मालक. गाडी महाराष्ट्रातलीच असेल तर लाईफटाईम टॅक्स पुन्हा लागत नाही. गाडीवर कर्ज नसेल तर नाव बदलायची सरकारी फी काहीशे रुपयांत भागते.

आमच्या भाषेत सांगायचं तर टॅक्सचं रेकॉर्ड गाडीच्या नंबराला जोडलेलं आहे, मालकाला नाही. मालक बदलला की फक्त एक कॉलम अपडेट होतो. लाईफटाईम म्हणजे गाडीचा लाईफटाईम, मालकाचा नव्हे.

मी हे त्या मुलाला सांगितलं. तो आत जाऊन मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर एकदम शांत. म्हणाले, "सर, आम्ही ह्या गाडीवर वीस टक्के भरलेत. एक लाख साठ हजार. तुमच्याकडून फक्त अकरा घेतोय."

ऐकायला किती छान ना! जणू आमच्यावर उपकारच.

पण जरा विचार करा. डीलरने भरलेला टॅक्स हा त्याच्या धंद्याचा खर्च आहे, जसं शोरूमचं भाडं. तो त्याने किमतीतून वसूल करावा, कोण नको म्हणतंय? गाडी ७,४८,००० ला विका. मग मी ठरवेन घ्यायची की नाही. पण ६,६०,००० किंमत दाखवायची आणि खाली 'रोड टॅक्स' म्हणून ८८ हजार लिहायचे, याचा अर्थ हे पैसे सरकारला जाणार असा होतो. ते जाणार नव्हते. आपण लोक किमतीवर घासाघीस करतो, टॅक्सवर करत नाही. टॅक्स म्हटलं की मान खाली. तिथेच तर गंमत आहे.

आता डिस्काउंटकडे येऊ. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि सेसही गेला. आमच्या गाडीची 'मूळ किंमत' आठ लाख लिहिली होती ती त्याआधीची. २८ अधिक १ टक्का सेस काढून १८ टक्के लावले तर तीच गाडी आता नवी कोरी साधारण ७ लाख ३२ हजारांना पडते. म्हणजे १ लाख ४० हजारांच्या डिस्काउंटमधले ६८ हजार सरकारने सगळ्यांनाच दिलेले होते. शोरूमचे नव्हतेच.

हिशोब मांडतो. नवी गाडी टॅक्ससकट साधारण ८ लाख १२ हजार. डेमो गाडी, त्या नको त्या टॅक्ससकट, ७ लाख ४८ हजार. फरक जेमतेम ६४ हजार. त्यासाठी नऊ हजार किलोमीटर चाललेली, वॉरंटीची सव्वा वर्षं संपलेली, आरसीवर दुसऱ्या मालकाची गाडी घ्यायची? आणि टॅक्सची ओळ काढली तर फरक होतो दीड लाखाच्या पुढे. मग मात्र सौदा चांगला आहे. एका ओळीने सौद्याचा अर्थच बदलतो.

हैदराबादला असलेल्या दोस्तांसाठी एक इशारा. तिकडे डेमो गाडी स्वस्तात मिळते म्हणून टीएस किंवा आताच्या टीजी नंबरची गाडी गावी पाठवायचा मोह होतो. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर कलम ४७ प्रमाणे नवीन नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा टॅक्सही भरावा लागतो. गाडीच्या वयानुसार कमी होतो, पण भरावा लागतो. तिकडचा परतावा हवा तर तिकडे अर्ज करत बसा. इथे 'टॅक्स एकदाच' हे खरं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. डेमो गाडी विकण्यात काही गैर नाही. कायद्यात दोन्ही रस्ते सरळ आहेत. पण गाडी कोणत्या रस्त्याने आली हे गिऱ्हाईकाला कोणी सांगत नाही. १० सप्टेंबर २०२४ ला केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाने खास सर्क्युलर काढून डीलरना स्पष्ट केलं की डेमो गाडीच्या जीएसटीचं क्रेडिट त्यांना मिळू शकतं. चांगलं केलं, त्यांची शंका मिटली. मग गिऱ्हाईकासाठीही एक पान काढा ना. डेमो गाडीच्या कोटेशनवर तीन गोष्टी सक्तीच्या करा: पहिल्या नोंदणीची तारीख, तेव्हाचा मालक आणि टॅक्सच्या पावतीचा नंबर. आणि तेच पान मराठीत प्रत्येक आरटीओच्या भिंतीवर लावा, हिंगोलीपासून सुरुवात केली तरी चालेल.

हे मी माझ्या ८८ हजारांसाठी म्हणत नाही. आम्ही बसलो होतो तेव्हा शेजारच्या टेबलावर एक काका कुटुंबासह आले होते. हळदीचे पैसे आले होते, गाडी घ्यायची होती. मला ८८ हजार म्हणजे चार-पाच हप्ते. मी पुण्यात बसून, चिडून का होईना, भरले असते आणि विसरलो असतो. आपण पगारवाले असेच करतो, 'ऑन-रोड किती' एवढंच विचारतो. वसमतच्या नाहीतर सेनगावच्या शेतकऱ्याला ती रक्कम एका हंगामाची बचत असू शकते. आपण विचारत नाही म्हणून ती ओळ कोटेशनवर टिकून राहते, आणि मग त्यालाही तीच छापून मिळते.

शेवटी मॅनेजरांनी ओळ काढली. "तुमच्यासाठी स्पेशल केस म्हणून," असं म्हणाले. ह्याचाच राग आला खरं तर. जे लागूच नव्हतं ते माफ करून वर आभार मानून घ्यायचे!

गाडी घेतली. बाबांची एक तक्रार मात्र राहिली. त्यांना एमएच-३८ पाहिजे होतं, हिंगोलीचं. १९९९ ला जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते मिरवणुकीत होते म्हणे. पण राज्यातल्या राज्यात गाडीचा नंबर बदलत नाही, त्यामुळे दारात दुसऱ्या जिल्ह्याचा नंबर उभा आहे. मी म्हटलं, नव्या गाडीला मिळाला असता. ते म्हणाले, "दीड लाखाला नंबर घ्यायचा का? राहू दे."

त्यांनी कंपनीच्या नावाची ती टॅक्सची पावती मागून घेतली आणि फाईलला लावली. आई परवा त्या गाडीतून नांदेडला जाऊन आली.

असो. तुम्ही डेमो गाडी बघत असाल तर रंग आणि किलोमीटर नंतर बघा. आधी विचारा, नंबर आहे का? आणि असेल तर टॅक्सची पावती कुणाच्या नावाची आहे?