चित्राखाली आईचे नाव

काचीगुडा स्थानकावरून चालत निघाले, तर कोठीची जुनी रेसिडेन्सी फार दूर नाही. १९४९ पासून तेथे मुलींचे महाविद्यालय होते. २०२२ साली त्याचे महिला विद्यापीठ झाले. ही वास्तू उभारणारा जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक हा कंपनी सरकारचा रेसिडेंट खरा. पण निजामाच्या दरबारी तो ‘हशमत जंग’ हा किताब मिळालेला उमराव होता. येथल्याच एका खानदानी घराण्यातील खैर-उन्-निसा हिच्याशी त्याने लग्न केले.

त्या दोघांच्या मुलांचे मोठे तैलचित्र जॉर्ज चिनरी याने १८०५ साली मद्रासेस रंगविले. साहिब आलम चार वर्षांचा, साहिब बेगम तीन वर्षांची. अंगावर हैदराबादी दरबारी पोशाख. लगेच मुलांची विलायतेस रवानगी झाली आणि तेथे ती विल्यम व कॅथरीन झाली. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला बाप कलकत्त्यास वारला. आईला मुले पुन्हा दिसली नाहीत. १८१३ साली तीही गेली. चित्र पुढे हेन्री रसेल या दुसऱ्या रेसिडेंटाच्या विलायतेतील घरी लागले. प्रौढपणी मुलीने ते तेथे पाहिले, तेव्हा तिला रडू कोसळले. रसेलने मृत्युपत्राने ते तिला दिले. पुढे ते हाँगकाँगमधील एका बँकेच्या संग्रहात गेले.

मूळ चित्र परत आणा, अशी आरोळी मी ठोकणार नाही. माझे मागणे लहान आहे. माझे वडील दरबारी गवई. उस्तादांचे नाव निघाले, की त्यांचा हात कानाच्या पाळीला जाई, चीज मागाहून. जे आपल्याला मिळाले, ते कोणाकडून मिळाले हे आधी सांगायचे, ही आमच्या विद्येची रीत आणि मीही शिष्यांना हेच सांगतो. या चित्रातला पोशाख, ती लाडकी नावे, तो डौल हे सारे आईच्या घरचे आहे. चौकटीत मात्र ती नाही.

तेव्हा या चित्राची प्रत जेथे लागेल, पुस्तकात छापली जाईल किंवा वर्गात दाखविली जाईल, तेथे चिनरीच्या आणि कर्कपॅट्रिकच्या आधी खैर-उन्-निसाचे नाव यावे. जिच्या अंगणात आज आपल्या मुली शिकतात, तिचे नाव त्यांना ठाऊक असू नये काय?