समुद्र लोहाऱ्याच्या नाल्यापासून सुरू होतो

सागररक्षण हा कोकणचा प्रश्न. आम्हा वैदर्भीयांचा त्याच्याशी काय संबंध? यवतमाळजवळच्या लोहाऱ्यात असा प्रश्न कोणी विचारला, तर नवल नाही. परंतु भूगोलाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. यवतमाळ जिल्ह्याचे पाणी वर्धा आणि पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेत विलीन होते. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते, ती गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते. आपल्या नाल्यात भिरकावलेली प्लास्टिकची पिशवी पुराबरोबर याच वाटेने निघते. समुद्रात ती कासवाला जेलीफिशसारखी भासते. कासव ती गिळते आणि प्राणास मुकते.

शिवालयात दगडी कासवाला वंदन करून पुढे जाणारे आपण! कूर्मावताराची कथा मुलांना सांगायची आणि जिवंत कासवाच्या मुखी प्लास्टिक घालायचे, याला धर्माचरण म्हणावे काय?

‘पर्यावरणाचा विचार पाश्चात्त्यांनी शिकवला’ असे म्हणणारे एकीकडे, तर ‘आमच्या परंपरेत सर्व आहेच’ असे म्हणून स्वस्थ बसणारे दुसरीकडे. दोघांनाही वेळासने उत्तर दिले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील, नाना फडणवीसांचे हे गाव. तेथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. कायद्याचे संरक्षण असूनही ती अंडी चोरीस जात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये तेथे काम सुरू केले आणि ग्रामस्थ त्यात उतरले. पहाटे किनारा धुंडाळायचा, अंडी कुंपणातील वाळूत तशाच खड्ड्यात पुरायची आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी बाहेर आलेली पिल्ले समुद्राकडे सोडायची. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरू लागले. रक्षणातून रोजगारही उभा राहिला. कायद्याला जे एकट्याने साधले नाही, ते जागृत समाजाने करून दाखविले.

वेळासकरांनी किनारा सांभाळला. आपण नाला सांभाळू या. पावसाळ्यापूर्वी तो प्लास्टिकमुक्त करणे आणि गणेशोत्सवात प्लास्टर ऑफ पॅरिसऐवजी शाडूच्या मूर्तीचा आग्रह धरणे, एवढे तर लोहाऱ्यातील प्रत्येक मंडळाला आणि प्रत्येक घराला शक्य आहे. त्यासाठी शासनाच्या आदेशाची वाट कशाला पाहायची? नदीला माता म्हणणाऱ्या समाजाची परीक्षा आरतीच्या वेळी होत नाही. कचरा हातात असताना होते.