दाबाखाली उजळणारे स्फटिक

एक्स-रे काढताना शरीरातून आरपार गेलेले किरण मशीनमधील पडद्यावर पडतात. आजच्या अनेक डिजिटल मशीनमध्ये तिथे सीझियम आयोडाइडचा थर असतो. तो या किरणांचे प्रकाशात रूपांतर करतो. पडदा जितका कार्यक्षम, तितक्या कमी किरणांत चांगले चित्र मिळू शकते. म्हणूनच पेरोव्हस्काइट या स्फटिकांवर वैद्यकीय क्षेत्राचेही लक्ष आहे.

यातील एक प्रकार पापुद्र्यांचा असतो. खारी बिस्किटासारखे एकावर एक थर: धातू व हॅलोजन अणूंचा एक, मग मऊ सेंद्रिय रेणूंचा, पुन्हा धातूचा. ऊर्जा मिळाली की धातूच्या थरात इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली रिकामी जागा यांची जोडी तयार होते. ती पुन्हा एकत्र आली की प्रकाश बाहेर पडू शकतो.

हे स्फटिक दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये धरून दाबले, तर काही गिगापास्कल दाब सहज गाठता येतो. एक गिगापास्कल म्हणजे वातावरणाच्या सुमारे दहा हजार पट. अणू जवळ आले की प्रकाशाचा रंग बहुधा लाल बाजूला सरकतो. दाब फार वाढला, तर अनेकदा प्रकाश विझतो.

मात्र 2019 मध्ये चांदी आणि बिस्मथ असलेल्या एका थरयुक्त पेरोव्हस्काइटमध्ये उलटे घडलेले दिसले. एरवी न चमकणारा हा पदार्थ दाबाखाली चमकू लागला. दाबामुळे रचना वेडीवाकडी झाली, जोडी जागीच अडकली आणि तिची ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडली.

याचे महत्त्व शिशात आहे. सर्वाधिक चमकणाऱ्या पेरोव्हस्काइटमध्ये बहुधा शिसे असते. ते मुलांच्या मेंदूला घातक आहे, आणि रक्तातील त्याची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. यंत्रात ते बंदिस्त राहील, पण पडदा फुटल्यावर किंवा भंगारात गेल्यावर काय?

रुग्णालयात कोणी हिऱ्यांची पकड बसवणार नाही. अनेक पदार्थांत दाब काढताच परिणामही ओसरतो. दाबाचा खरा उपयोग वाट दाखवण्याचा आहे: कोणता बदल प्रकाश वाढवतो हे कळले, की योग्य सेंद्रिय रेणू निवडून तोच ताण स्फटिकात कायमचा आणण्याचा प्रयत्न करता येतो. त्यामुळे ‘नव्या चमकत्या पदार्था’ची बातमी वाचताना दोन प्रश्न विचारावेत. दाब काढल्यावर तो चमकतो का? आणि त्यात शिसे आहे का?