लोगो आणि नाममुद्रा: संगीतकाराचे चिन्ह कोणाचे?

१/८
ऑगस्ट २०१४. लंडनच्या आकाशात एक मोठा हिरवा वायुफुगा तरंगू लागला. त्यावर एक वळणदार चिन्ह होते. चाहत्यांनी ते तत्काळ ओळखले : ‘ॲफेक्स ट्विन’ या नावाने इलेक्ट्रॉनिक संगीत रचणारा रिचर्ड डी. जेम्स परतला होता. २००१ नंतरचा त्याचा या नावाचा पहिला अल्बम, ‘सायरो’, पुढच्याच महिन्यात प्रकाशित झाला.

२/८
हे चिन्ह १९९० च्या दशकाच्या आरंभी पॉल निकल्सन या आरेखनकाराने घडवले. इंग्रजी ‘ए’ चा आकार त्यात आहे, मात्र टोकदार कोपरा कोठेही नाही. १९९२ मध्ये ते ‘झायलेम ट्यूब’ या ध्वनिमुद्रिकेवर झळकले. त्याच वर्षीच्या ‘सिलेक्टेड ॲम्बियंट वर्क्स ८५-९२’ च्या मुखपृष्ठावर तर तेच मुख्य चित्र झाले.

३/८
पुढे मूळ रेषा फारशी बदलली नाही. बदलले ते तिचे कार्य. आरंभी नावाच्या सोबतीला असलेले चिन्ह हळूहळू नावाच्या जागी आले. २०१८ मध्ये लंडनच्या एलिफंट अँड कॅसल या भुयारी स्थानकाच्या भिंतीवर ते ताणलेल्या, वाकलेल्या रूपात दिसले, तरी ओळखू आले.

४/८
या संगीतात बहुधा शब्द नसतात आणि वादक यंत्रांआड असतो. त्यामुळे कर्त्याची ओळख बाहेरून, वेष्टणावर द्यावी लागते. कीर्तनपरंपरेची अडचण नेमकी उलट होती. अभंग मुखोद्गत होऊन गावोगाव फिरे. त्याला वेष्टणच नसे. म्हणून ओळख रचनेच्या आतच कोरली गेली.

५/८
हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे परंपरेनुसार संत नामदेवांचे जन्मगाव. ‘नामा म्हणे’ ही त्यांची नाममुद्रा अभंगाच्या अखेरीस येते. या मुद्रेलाही उत्क्रांती आहे. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथाच्या परंपरेत नामदेवांची ६१ पदे आहेत. तेथे ‘नामदेउ’ असे रूपही आढळते. जनाबाईंनी तर स्वतःच्या मुद्रेत नामदेवांचे नाव गुंफले.

६/८
सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा यांचीही मुद्रा ‘नामा’च. परिणामी, गाथेतील कोणती रचना कोणाची, हा वाद अभ्यासकांत दीर्घकाळ चालला. कालनिर्णयासाठी ही छाननी अपरिहार्य आहे. परंतु ‘नंतरचे’ म्हणजे ‘बनावट’ हा निष्कर्ष मात्र अन्यायाचा आहे.

७/८
कारण तो निष्कर्ष आजच्या व्यापारचिन्हाचा कायदा मध्ययुगावर लादतो. आज लोगोचा मालक ठरलेला असतो आणि परवानगीविना केलेला वापर गुन्हा ठरू शकतो. नाममुद्रा धारण करणारा उत्तरकालीन कवी चोरी करत होता, असे गृहीत धरण्यास आधार नाही. आपले शब्द नामदेवांच्या परंपरेत उभे करणे, हाही त्याचा हेतू असू शकतो.

८/८
म्हणून एखादा अभंग चौदाव्या शतकातील नाही असे सिद्ध झाले, तरी तो इतिहासातून बाद होत नाही. तो आपल्या खऱ्या शतकाचा साक्षीदार होतो. नरसीपासून पंजाबपर्यंत ही मुद्रा कोणी, कोणासमोर आणि कशासाठी उच्चारली, हा प्रश्न ‘खरा नामा कोणता’ या प्रश्नाइतकाच मोलाचा आहे. गाथेच्या संपादनात त्याला स्वतंत्र स्थान मिळाले पाहिजे.