२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हिशोब मांडा

देशाची आरोग्यव्यवस्था नव्याने बांधली जात आहे. विमा कोणाला, जिल्हा रुग्णालय कोणाच्या ताब्यात, तुमच्या आजाराची नोंद कोणाच्या संगणकात, हे सगळं ठरतं आहे आणि गावाला त्याचा पत्ता नाही. हे यापुढे चालणार नाही. हा इशारा प्रशासनाला आहे, आणि गप्प बसलेल्या प्रत्येक गावकऱ्यालाही.

आधी गावकऱ्यांशी बोलू. शिबिरात काढून दिलेलं आभा कार्ड दाखवलं की उपचार फुकट होतात, असं समजून अनेकांनी ते जपून ठेवलं आहे. हा समज जिवावर बेतेल. आभा हा आरोग्याच्या नोंदी जोडणारा १४ आकडी क्रमांक आहे. त्यावर एक रुपयाचाही उपचार मिळत नाही. तो ऐच्छिक आहे, म्हणून आभा नाही या कारणाने कोणालाही दारातून परत पाठवता येत नाही. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं ते आयुष्मान कार्डावर. तेही योजनेच्या यादीतल्या उपचारांसाठी, यादीतल्या रुग्णालयात आणि मुख्यतः दाखल झाल्यावर. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यात बसत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, हे कार्ड मिळू शकतं. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं काढलंत का? नसेल तर या आठवड्यात काढा. रात्री अडीच वाजता रुग्णालयाच्या दारात कार्डांतला फरक समजून घ्यायला वेळ नसतो.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तरीही ‘हे औषध बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी हातात पडली, तर ती फेकू नका. तारखेसह जपून ठेवा. ग्रामसभेत तीच बोलेल.

आता सरकारकडे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना २०२० पर्यंत अर्थसंकल्पाचा ८ टक्क्यांहून अधिक वाटा आरोग्यावर खर्च करायला सांगितलं होतं. महाराष्ट्र त्या आकड्याच्या जवळपासही गेला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण गेले, त्यात १२ नवजात बाळं होती. त्याआधी जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत १० बाळं गेली. प्रत्येक वेळी चौकशी जाहीर झाली, आठवडाभर बातम्या आल्या आणि गावं पुन्हा आपापल्या कामाला लागली. आमचा सर्वांत मोठा राग या विसरण्यावर आहे. सरकारला जाब विचारणारं कोणी उरत नाही, ते याच विसरण्यामुळे.

जाब कसा विचारायचा, हे याच राज्याने करून दाखवलं आहे. २००७ पासून इथे आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. जनसुनवाईत आदिवासी पाड्यांवरच्या बाया वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि डॉक्टर कुठे आहेत, औषधं का संपली, हे त्यांनी भर सभेत विचारलं. तुमच्या गावातही आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे. तिच्यासाठी अबंधित निधी येतो. तिचे सदस्य कोण, हे किती जण सांगू शकतील?

म्हणून प्रशासनाला मुदत देत आहोत. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत समितीच्या सदस्यांची यादी आणि निधीचा पैन्‌पैचा हिशोब वाचून दाखवा. प्राथमिक आरोग्य केंद्राने रिक्त पदं आणि औषधसाठा फळ्यावर लिहावा. खासगी रुग्णालयांनाही हीच तारीख. रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनी बंधनकारक केलं आहे. बिलासाठी रुग्ण किंवा मृतदेह अडवून ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही. ज्यांच्या भिंती २ तारखेला कोऱ्या असतील, त्यांची छायाचित्रासह तक्रार नोंदणी करणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे जाईल.

गावकऱ्यांनो, गणपूर्तीला १०० मतदार किंवा एकूण मतदारांच्या १५ टक्के, यांतली कमी संख्या लागते. तेवढेही जमला नाहीत, तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग चार-सहा जण बसून ठराव करतात आणि तो ठराव तुमच्या नावावर खपतो. बायकांनो, तुम्ही तर याच. बाळंतपणाची वेळ आणि आजाऱ्याचं अंथरूण तुमच्याच वाट्याला येतं.

हिशोब आला नाही, तर ३ ऑक्टोबरला माहिती अधिकाराचे अर्ज दाखल होतील. एकाच्या नावाने नाही, वाडीवाडीतून. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पहिलं अपील, आणि जिल्हा परिषदेसमोर जाहीर जनसुनवाई. मत मागायला येणाऱ्याला हिशोबाचा हाच प्रश्न दारात विचारला जाईल. तारीख कळवली आहे. मुदत वाढवून मिळणार नाही.