यंत्र घेण्याआधी साचा शिका

कापडाच्या धंद्यातले बरेच जण आज मुलांसाठी दुसरा धंदा शोधत आहेत. अशा वेळी प्लास्टिकच्या बाटल्या व कॅन बनविण्याचे नाव हमखास निघते. धंदा वाईट नाही. तेल, फिनेल, औषधे, सर्वांनाच बाटली लागते. पण आपण आधी यंत्र घेतो आणि शिकायचे नंतर पाहतो. माझ्या मते नुकसानीचे मूळ इथेच आहे.

माझ्या भाच्याचेच घ्या. त्याने जुने ब्लो मोल्डिंग यंत्र घेतले, पाच लिटरच्या कॅनचा साचा बाहेरून करवून घेतला. कॅन दिसायला छान, पण भरून थप्पी लावली की तळाच्या जोडावर गळायचा. ऑपरेटर म्हणे दाणा खराब, दाणेवाला म्हणे यंत्र खराब, साचेवाला म्हणे ऑपरेटर अडाणी. खरे कोण बोलतो हे ओळखण्याइतके ज्ञान आमच्या घरात कोणालाच नव्हते. सहा महिन्यांत भाडे आणि हप्ते अंगावर आले.

मी उर्दू शाळेत शिकलेला कापडवाला. तरीही जाणकारांजवळ बसून समजून घेतले. काम असे चालते: दाणा सुमारे २०० अंशांपर्यंत तापवून वितळवतात. त्याची मऊ, पोकळ नळी यंत्रातून खाली सुटते. साच्याचे दोन भाग मिटून तिचे तोंड चिमटतात. आत हवा सोडली की नळी फुगून साच्याला चिकटते व थंड होते.

आता साच्याचे महत्त्व पाहा. नळी जिथे जास्त ताणली जाते तिथे भिंत पातळ होते, म्हणून कोपरे गोल हवेत. चिमटणारी धार फार तीक्ष्ण असेल तर जोड कच्चा राहतो. फार बोथट असेल तर जादा प्लास्टिक सुटत नाही. आमचा कॅन या धारेनेच बुडवला. एचडीपीई थंड होताना साधारण दीड ते तीन टक्के आकसते. तेवढा साचा मोठा कापला नाही तर झाकण बसत नाही. कोरे कापड आकसते हे जाणणाऱ्यांना जास्त सांगायला नको. शिवाय सर्वाधिक वेळ माल थंड होण्यात जातो. साच्यातील पाण्याच्या वाटा नीट नसतील तर तासाला निघणारे नग कमी होतात, भाडे आणि पगार मात्र तेवढेच राहतात.

म्हणजे यंत्र पैशाने मिळते, नफा साच्यातून निघतो. हे हुनर शिकण्याची सोयही जवळ आहे. १९६८ साली मद्रासला सुरू झालेल्या सिपेट या केंद्र सरकारच्या संस्थेचे केंद्र छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे जुन्या औरंगाबादला आहे. दहावीनंतर तीन वर्षांचा साचे बनविण्याचा डिप्लोमा तिथे करता येतो. त्याच शहरात इंडो-जर्मन टूल रूमही आहे.

तीन वर्षे कोण थांबणार, असे काही बंधू विचारतील. मागावर बसविण्याआधी आपल्या वडिलांनी आपल्याला किती वर्षे कांड्या भरायला लावल्या, ते त्यांनी आठवावे. घरातला एक मुलगा शिकायला पाठवा. मालकाने स्वतः निदान महिनाभर चालू कारखान्यात उभे राहावे. भाचा आज एका साचेवाल्याकडे पगारावर काम शिकतो आहे. नवे यंत्र घेण्याची घाई आता त्यालाही नाही.